देवाच्या मापाचा पूल

आमच्या ऑफिसात नवं गिऱ्हाईक आलं की सू-मेई त्याला काय हवंय ते विचारत नाही. ती म्हणते, "आधी करून दाखवा." तो बिचारा इस्त्रीचा शर्ट घालून, नकाशांची गुंडाळी बगलेत मारून आलेला असतो. त्याला वाटतं, चहा येईल, आकडे निघतील, बाई चार जड शब्द बोलतील. त्याऐवजी त्याला टेबलांच्या मधून चालावं लागतं, नाहीतर नसलेली पेटी उचलून दाखवावी लागते. एका शेवयावाल्याला तर तिने आमच्या खुर्च्यांवर शेवया वाळत घालायला लावल्या होत्या. हातात एकही शेवई नसताना! त्याच्या शेवया वाळवायच्या घोड्या गच्चीवर वाऱ्याने पडायच्या, आणि दोन मोठ्या कंपन्या त्याला दुप्पट जाड लोखंडी घोड्या घ्यायला सांगत होत्या. सू-मेई त्याच्या गच्चीवर आठवडाभर बसली, वारा मोजला आणि म्हणाली, "घोड्या चांगल्या आहेत. शेजारच्या टाकीवरून वारा वळतोय. इथे एक चटईची आडभिंत बांधा." तो माणूस अजून दर नवीन वर्षाला आम्हाला शेवया पाठवतो. खारट असतात, पण आमच्या ताइनान शहरात काही खारट मिळणं हेच नशीब. इथे लोक सगळ्यात साखर घालतात.

मी मूळचा ताइपेचा, म्हणजे राजधानीचा. वीस वर्षं या गावात काढली तरी माझं नाव "ताइपेचा कांग" असंच आहे. आमचं ऑफिस एका माशाच्या पेजेच्या दुकानाच्या वर आहे, त्यामुळे आमच्या सगळ्या अहवालांना आल्याचा वास येतो. सू-मेई मालकीण, मी आकडेमोड करणारा, आणि आणखी पाचसहा जण. दारावर पाटी आहे: "लाय अभियांत्रिकी सल्लागार. अभ्यास करून, मापाप्रमाणे." पाटी रंगवताना मी म्हटलं होतं, "ते 'मापाप्रमाणे' काढ. लोकांना शिंप्याचं दुकान वाटेल."

"मग?" ती म्हणाली. "शिंप्याच्या दुकानात काय वाईट आहे?"

वाईट काहीच नव्हतं. ती शिंप्याचीच मुलगी. हौगांग बंदरात, खाडीच्या पलीकडच्या आळीत, तिच्या वडिलांचं दुकान आहे. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. नव्वदी ओलांडली तरी सुईत दोरा स्वतः ओवतात, कान गेले आहेत पण जीभ शाबूत आहे. मुलगी एवढे पूल आणि इमारती उभ्या करते, याचं मास्तरांना कौतुक नव्हतं. "तयार कपडे विकतात ते लोक," असं ते इंजिनिअरांबद्दल बोलायचे. सू-मेईने उभं केलेलं एकही काम बघायला ते कधी गेले नव्हते. तिला त्याचं वाईट वाटायचं. बोलायची नाही, पण वाटायचं.

हौगांगच्या देवळातला देव म्हणजे वांगये. दर वसंतात त्याची पालखी निघते, खाडीवरच्या पायपुलावरून पलीकडे जाते आणि पहिल्यांदा थांबते ती मास्तरांच्या दारात. पालखीचा पुढचा जरीचा पडदा मास्तर दरवर्षी नवा शिवतात आणि तो दारातच, देवासमोर, पालखीवर बसवून बघतात. हे त्यांच्या वडिलांपासून चालत आलेलं. पण भूकंपात जुन्या पुलाचे पाय खचले आणि तो पाडावा लागला. पालखी खाडीच्या अलीकडूनच फिरून परत जाऊ लागली. हमरस्त्याच्या मोठ्या पुलावरून पालखी ट्रकमध्ये घालून न्यायची का, असं देवाला विचारलं, तर देव हसला. म्हणजे खरंच हसला, ते पुढे सांगतो. मास्तरांना कुणीही मोटारीत घालून देवळात नेलं असतं. पण मास्तर म्हणायचे, "मी कधी गिऱ्हाइकाच्या दारात ट्रायल घ्यायला गेलो नाही. देव झाला म्हणून काय झालं? त्याने यावं." पूल पाडला त्या वर्षी शिवलेला पडदा दुकानात खुंटीवर टांगलेला होता, वर मलमलीचं फडकं टाकून.

आणि मग देवळाच्या समितीने नव्या पुलाचं काम आमच्याकडे दिलं. सू-मेईने ते हातात घेतलं तेव्हाच मला म्हणाली, "कांग, बाबांच्या डोळ्यांदेखत पालखी त्यांच्या दारात आली पाहिजे. मला या पुलात दुसरं काही नको."

आम्ही काम मन लावून केलं. पालखीचे भोई, आठ जाडजूड बाप्ये, त्यांचा म्होरक्या आ-हाई. हा आ-हाई कालवांची शेती करतो आणि बोलताना सुपारी चघळतो, त्यामुळे त्याचं अर्धं बोलणं सुपारीलाच कळतं. आम्ही त्यांना मंदिराच्या अंगणात चालवलं, पायांना यंत्रं बांधली, पावलांचा ठेका मोजला. प्रत्येकाला विचारलं, पुलावर काय करता? सगळ्यांचं उत्तर एकच: सरळ पार करतो. त्या ठेक्याला अजिबात न हलणारा पूल मी आकड्यांत बसवला. पोलादी कणा, पोटात झोका मोडणारी टांगती वजनं. नगरपालिकेने एका दमात मंजुरी दिली. मी खूश होतो. वसंतातल्या पालखीपर्यंत पूल उभा राहिला असता.

राहिला होता फक्त देवाचा कौल. माझ्या दृष्टीने तो उपचार होता, फीत कापण्यासारखा.

त्या सकाळी आम्ही सगळे देवळात जमलो. समितीचे अध्यक्ष वेंगदादा, तळ्यांत मासे पाळणारा गडगडाटी आवाजाचा माणूस, गुडघ्यांवर बसले. देवाला आपलं नाव, पत्ता, जन्मवेळ सांगितली, पुलाची सगळी हकिकत सांगितली, आणि कौलाचे ते दोन तांबडे लाकडी तुकडे, चंद्रकोरीच्या आकाराचे, एका बाजूने सपाट, दुसरीने फुगीर, ओंजळीतून जमिनीवर टाकले. एक सपाट, एक फुगीर पडला तर 'हो'. दोन्ही फुगीर वर आले तर 'नाही'. दोन्ही सपाट वर आले आणि डुलत राहिले तर देव हसतोय. मोठ्या कामाला लागोपाठ तीन 'हो' लागतात.

देव हसला. पुन्हा टाकले. पुन्हा हसला. तिसऱ्यांदा सरळ 'नाही'.

"रंग आवडला नाही का?" वेंगदादांनी विचारलं. देव हसला.

"कठड्यावर ड्रॅगन हवेत का?" नाही.

"कंत्राटदार चोर आहे का?" देव हसला. कंत्राटदार खांबाशी उभा होता, त्याने घाम पुसला.

"हे काही नाही," मी सू-मेईच्या कानाशी कुजबुजलो, "हसण्याची शक्यता चारात एकदा असतेच..."

"ए ताइपेकर," वेंगदादांनी मान न वळवता आवाज दिला, "देवाला टक्केवारी शिकवू नकोस. आणि शिकवायचीच तर माझ्या उपयोगाची शिकव. आपण असेच टाकत राहिलो तर तीन 'हो' ओळीने पडतील ना कधीतरी?"

"पडतील की. जेवायच्या आधीच पडतील."

"बस्स! मग टाकत राहू. देवही दमेल."

"नाही," सू-मेई म्हणाली. आवाज चढवला नाही, पण सगळे तिच्याकडे वळले. "गिऱ्हाईक नको म्हणतंय आणि आपण कोट त्याच्या गळ्यात घालायचा? आमच्या घरात असं करत नाहीत, वेंगदादा. का नको म्हणतोय ते आधी बघू."

देवळाच्या पायरीवर मी तिच्यावर भडकलो. नगरपालिकेने मान्य केलेला पूल, वर्षभराचा अभ्यास, आणि लाकडाच्या दोन तुकड्यांपायी अडून बसायचं! तिने माझं सगळं ऐकून घेतलं.

"तू देव मानू नकोस," ती म्हणाली. "पण पूल कुणासाठी आहे? ज्यांच्यासाठी आहे ते मानतात. मग तो आपल्या अभ्यासात कुठे आहे, दाखव मला."



दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन आ-हाईच्या कालवांच्या शेडवर गेली. तो शिंपले फोडत बसला होता.

"आ-हाई, पुलावर तुम्ही काय करता?"

"शंभरदा सांगितलं ताई. सरळ पार करतो."

"आणि पालखी?"

आ-हाईचा सुरा थांबला. "पालखीचं मला काय विचारता? पालखीचं देवाला विचारा."

"म्हणजे पालखी वेगळं काही करते?"

"ती मध्यावर थांबते की! तीनदा पुढे, तीनदा मागे. मग डुलते. अशी..." त्याने बसल्या जागी कमरेतून डावीकडे-उजवीकडे झोके घेतले. "समुद्रावर गेलेले जे परत आले नाहीत, त्यांना देव बघून घेतो. त्याचं मन भरेपर्यंत डुलतो. आम्ही त्यात नसतो. आम्ही नुसते खाली."

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" मी ओरडलोच.

"तुम्ही विचारलंत, तुम्ही काय करता. आम्ही चालतो. देव काय करतो ते कुणी विचारलं?"

सू-मेई कपाळाला हात लावून हसायला लागली. मला मुळीच हसू येत नव्हतं. तिने वेंगदादांना फोन केला तर ते म्हणाले, "अगं, मला वाटलं तुला ठाऊक असणार! तू इथलीच ना?" ती इथलीच, पण लहानपणी पालखीच्या दिवशी दुकानाच्या दारात टाचण्यांची डबी धरून उभी असायची. पुलाचा मध्य तिने कधी पाहिलाच नव्हता.

मी ऑफिसात जाऊन ते डुलणं आकड्यांत घातलं. आमचा पूल वरखाली हलणार नव्हता, हे खरं. पण आडव्या झोक्याला आम्ही चालणाऱ्या माणसांपुरतंच जोखलं होतं, नियमात बसेल इतकं. आठ भोई, वर देव, मागे टाळ्या वाजवणारी गर्दी, सगळे एका ठेक्यात आडवे झुलले असते तर तो अरुंद पूल त्यांच्याबरोबर झुलायला लागला असता, आणि मग घाबरलेल्या गर्दीने काय केलं असतं ते मला लिहवत नाही. सू-मेईने माझा चेहरा पाहिला आणि खुर्ची पुढे सरकवली.

"बस," ती म्हणाली. "आपण अजून कापड कापलेलं नाही."

पण नवा अभ्यास, नवा आराखडा, नवी मंजुरी म्हणजे या वसंतातली पालखी हुकली. ते मास्तरांना सांगायला ती एकटी जाईना, म्हणून मी बरोबर गेलो. दुपारची वेळ होती. मास्तर मशीनपाशी बसून कुणाच्या तरी विजारीची शिवण उसवत होते.

"हा ताइपेचा अजून आहे का तुझ्याकडे?" त्यांनी विचारलं.

"आहे, बाबा."

"जेवायला घाल त्याला. गालफडं बसलीत. इंजिनिअर लोकांना घरी कोणी विचारत नाही."

सू-मेई त्यांच्या कानाजवळ वाकली. "बाबा, या वर्षी पूल होत नाही. माझं माप चुकलं."

मास्तरांनी दोरा दाताने तोडला. "कापड कापलंस?"

"नाही."

"मग तोंड कशाला पाडतेस?"

"अजून एक वर्ष जाईल बाबा. तुमचं वय..."

"माझं वय मला ठाऊक आहे. मीच जगतोय ते." त्यांनी चष्मा वर केला. "एकाने लग्नाचा कोट शिवायला टाकला आणि लग्नच मोडलं. तो कोट मी ठेवला. किती वर्षं ठेवला ते तुझ्या आईला विचारायला हवं होतं, रोज शिव्या द्यायची. आला शेवटी तो. दुसरी मिळाली होती. पोट सुटलं होतं, दोन बोटं शिवण सोडून दिली. शिवताना मी आधीच आत कापड ठेवलेलं होतं. मी थांबतो. तू नीट कर."

 परतताना हमरस्त्याच्या पुलावर सू-मेईने गाडी बाजूला घेतली आणि ती खूप रडली.  मला फक्त एवढंच वाटलं की हा म्हातारा जगला पाहिजे, आणि त्यासाठी कुठल्याही देवाच्या पाया पडावं लागलं तरी चालेल.

मग आम्ही देवाचं माप घ्यायला निघालो. त्यात पहिलीच अडचण अशी की पालखीत देव नसेल तर पालखी डुलत नाही. आ-हाई म्हणाला, रिकामी पालखी म्हणजे लाकूड, ती काय करणार? तेव्हा वेंगदादा पुन्हा गुडघ्यांवर बसले, नाव, पत्ता, जन्मवेळ सांगितली आणि विचारलं, "देवा, लाय मास्तरांच्या पोरीकडे ट्रायलला येणार का?"

हो. हो. हो. ओळीने तीन! एकही हसू नाही.

"गिऱ्हाईक तयार आहे!" वेंगदादा इतक्या जोरात ओरडले की अंगणातली कबुतरं उडाली. मी शक्यता मोजली नाही. मोजली होती, पण कुणाला सांगितली नाही.

मासळीच्या लिलावाची शेड दुपारी रिकामी असते. तिथे आम्ही पुलाचा मधला तुकडा खऱ्या मापाचा बांधला, फळ्यांचा, खाली ट्रकच्या स्प्रिंगा आणि सरकत्या पट्ट्या, म्हणजे तो हवा तसा घट्ट करता येई आणि हवा तसा सैल. पालखीला आणि फळ्यांना यंत्रं लावली. धूप लागला, ढोल आले, आणि ट्रायल आहे हे कळल्यावर अर्धं हौगांग जेवणाचे डबे घेऊन बघायला आलं. एक मावशी तर कालवांच्या आमलेटची गाडीच घेऊन आली. आमच्या धंद्यात याला प्रयोगशाळा म्हणतात.

पहिल्यांदा आम्ही फळ्या अगदी घट्ट केल्या. देव मध्यावर थांबला, तीनदा पुढे, तीनदा मागे, आणि डुलायला लागला. पण भोयांची पावलं चुकत होती. एकाचा गुडघा दुखावला. पालखी नाचण्याऐवजी आचके देत होती.

"मेली आहे जमीन," आ-हाई खाली येऊन म्हणाला. "जुना पूल जरा द्यायचा. पायाला कळायचं आता कुठे टेकायचं."

मग सैल केलं, तर पालखी समुद्रावरच्या होडीसारखी निघाली. भोई खूश, मावशी खूश, पोरं टाळ्या पिटतायत, आणि मी यंत्राकडे बघून "थांबवा, थांबवा!" म्हणून नाचतोय. लोकांना वाटलं माझ्या अंगात आलं. वेंगदादांनी माझ्या हातात उदबत्ती दिली.

घट्ट आणि सैल यांच्या मधली जागा शोधण्यात कित्येक दुपारी गेल्या. सू-मेई स्वतः एका दांडीखाली खांदा देऊन चालली. समितीतल्या दोघांनी नाकं मुरडली, तर ती म्हणाली, "शिंप्याने गिऱ्हाइकाच्या अंगाला हात न लावता माप घ्यायचं का?" दुसऱ्या दिवशी तिचा खांदा काळानिळा, आणि चेहऱ्यावर असा आनंद की मी तिला इतकी वर्षं ओळखतो तरी तसा कधी पाहिला नव्हता.

"कांग, त्याला ढील हवी आहे," ती म्हणाली. "वरखाली थोडी ढील. आडवं मात्र जरासुद्धा नाही. आणि मध्यावर जागा."

तसाच झाला आराखडा. पूल मध्यावर रुंद, सापाने बेडूक गिळल्यासारखा. आडवा झोका खाऊन टाकणारी वजनं त्या फुगीर पोटात. आणि वरखाली मात्र त्याला इतकंच हलू दिलं की पायाला कळावं, पेल्यातल्या चहाला कळू नये. नगरपालिकेचा तरुण अधिकारी म्हणाला, "नियमाप्रमाणे यापेक्षा ताठ करता येईल की." सू-मेई त्याला शेडमध्ये घेऊन गेली आणि म्हणाली, "आधी करून दाखवा." त्याला पालखीखाली एकदा ताठ आणि एकदा ढील दिलेल्या फळ्यांवर चालवलं. त्याने सही केली.

हिवाळ्यात मास्तर आजारी पडले. छाती भरली, हॉस्पिटलात न्यावं लागलं. ते दिवस वाईट गेले. सू-मेई दिवसा पुलाच्या कामावर आणि संध्याकाळी त्यांच्या खाटेपाशी. एकदा मी भेटायला गेलो तर मास्तरांनी मला खुणेने जवळ बोलावलं. मला वाटलं काही शेवटचं सांगतात. ते म्हणाले, "त्या नर्सचा खांदा बघितलास? कुणी शिवलाय तो झगा? काखेत धरतोय. पोरीला हात वर करता येत नाही." तेव्हा मला जरा धीर आला. पंधरवड्याने ते घरी आले. नर्सचा झगा बरोबर होता, दुरुस्तीला.

काम सुरू व्हायच्या आधी देवाने नव्या पुलाला कौल दिला होता, तो असा: पहिला 'हो'. दुसरा 'हो'. तिसऱ्या वेळी एक तुकडा घरंगळत थेट देव्हाऱ्याच्या मेजाखाली गेला. हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. वेंगदादांचं पोट आड येत होतं, म्हणून वाकण्याचं काम माझ्यावर आलं. मी ताइपेचा, देव न मानणारा माणूस, विजेरी तोंडात धरून, पालथा पडून, मेजाखाली सरपटलो. 

"काय दिसतंय?" वेंगदादा ओरडले.

"फुगीर!" मी ओरडलो. बाहेरचा सपाट होता. मग जे फटाके लागले त्यात माझं डोकं मेजाच्या तळाला आपटलं, त्याची खूण अजून आहे.

पालखीच्या दिवशी आकाश स्वच्छ होतं. मी पुलाच्या अलीकडच्या टोकाला यंत्रापाशी उभा होतो, सू-मेई मध्यावर, कठड्यावर पालथा हात ठेवून. तिने पालखीकडे पाहिलंच नाही. पालखी आली, थांबली. तीनदा पुढे, तीनदा मागे. मग देव डुलायला लागला, खाडीकडे तोंड करून, आणि काठावरच्या ज्या घरांतली माणसं समुद्रावरून परतली नव्हती ती माणसं उदबत्त्या घेऊन पाण्याकडे बघत राहिली. मन भरेपर्यंत डुलला. यंत्रावरची रेघ जशी मी मांडली होती तशीच होती, पण खरं सांगायचं तर माझं यंत्राकडे लक्ष नव्हतं. माझे डोळे भरले होते, आणि शेजारची आमलेटवाली मावशी मला रुमाल देत होती.

सू-मेई आणि मी पालखीमागोमाग पलीकडे गेलो. मास्तर दारात उभे होते. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या, हातात पडदा. पालखी समोर येऊन थांबताच त्यांनी टाचण्या काढल्या आणि देवाला झापलं. "किती वर्षं! किती वर्षं लावलीस एका ट्रायलला यायला!" भोई खाली माना घालून हसत होते. मास्तरांनी पडदा लावला, एक बाजू सोडली, पुन्हा टाचली, मागे सरकले. "चालून दाखवा," त्यांनी हुकूम केला. आणि आख्ख्या आळीसमोर देव मास्तरांना चालून दाखवू लागला, पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. पडदा झुलला, कुठे अडला नाही. मास्तरांनी मान हलवली. पालखी पुढे गेली.

सू-मेईने त्यांच्यासाठी खुर्ची आणली. पण ते बसले नाहीत. त्यांनी काठी घेतली.

"चल."

"कुठे, बाबा?"

"तू काय शिवलंयस ते बघू दे."

तिने हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला आणि स्वतः चालत पुलावर आले. गर्दी दुभंगली. वेंगदादा कुणाशी तरी घालत असलेला वाद विसरले. मध्यावर, त्या रुंद जागी, मास्तर थांबले. काठी माझ्याकडे दिली. मग त्यांनी नवा कोट अंगावर चढवल्यावर माणूस करतो तसे दोन्ही हात पसरले, गुडघ्यांत हळूच वाकले, पुन्हा उभे राहिले. डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले. पायाखाली पूल इतकाच हलला की त्यांना कळावं. ते थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिले. 

"काखेत धरत नाही," मास्तर म्हणाले.

सू-मेईने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"म्हणजे काय?" वेंगदादा मागून हैराण होऊन ओरडले. "अहो मास्तर, हो की नाही ते सांगा! चांगलाय की नाही?"

मास्तरांना ऐकू आलं नाही. सू-मेईचे हात अजून तोंडावरच होते. तेव्हा मीच वळलो.

"'हो' पडलाय, वेंगदादा," मी म्हणालो. "ओळीने तिन्ही."